सावली आणि सुभेदारांचं चालणं

रस्त्यात कोणाचं चालणं आवडलं की सावली त्याच्या मागे लागायचा. थोडं अंतर ठेवून, त्याच्यासारखेच हात हलवत, त्याच्यासारखाच एक खांदा पाडून चालत राहायचा. सांगलीच्या पेठेत हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांमागे, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांमागे, एकदा तर आमच्या बोर्डिंगच्या रेक्टरांमागे. टिंगल करतो म्हणून त्यानं मारही खाल्ला. एका हमालानं कानाखाली दिली तेव्हा गाल चोळत तो मला म्हणाला, "मारूदे की रं. मारायला वळला तवा आधी त्याची मान वळली, मग खांदं, मग पाय. लय झ्याक वळला गड्या." बोर्डिंगमध्ये त्याचं नाव सावली पडलं ते यामुळे. मला तो ‘फलटण’ म्हणायचा, कारण मी तिथला.

दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही दोघं सांगलीत ड्रॉइंग मास्तरचा कोर्स करत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. तो माण तालुक्यातल्या एका गावचा. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावात हायस्कूल निघावं म्हणून सुभेदारांनी रस्त्याकडेची आपली जमीन संस्थेला दिली होती आणि बदल्यात मुलाला ड्रॉइंग मास्तरची जागा मिळेल असा शब्द घेतला होता. मुलगा शिकून येण्याआधीच त्याची खुर्ची ठरली होती. गावातून कोणी सांगलीला आलं की त्याला ‘मास्तर’ म्हणूनच हाक मारायचं. ते गेले की सावली खिडकीच्या गजांना धरून उभा राहायचा. म्हणायचा, "आबा म्हणत्यात, शाळंला जागा दिली. जागा न्हाई रं दिली. मला दिलंय."

त्याला मास्तर व्हायचं नव्हतं. त्याला चित्रं हलवायची होती. ही विद्या आमच्या कोर्समध्ये नव्हती. ती आम्हाला सगळे ज्यांना काका म्हणायचे अशा एका पेंटरकडे सापडली. काका एका टॉकीजच्या जिन्याखालच्या खोलीत बसून मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवायचे. तरुणपणी मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांनी कार्टूनचं काम केलं होतं. आई आजारी म्हणून चार दिवसांसाठी सांगलीला आले ते कायमचेच. "चार दिवस अजून संपले न्हाईत बघा," असं ते हसत सांगायचे. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे तोच सिनेमा रोज तीनदा चालायचा आणि नायिका नेमकी कधी किंचाळणार हे आम्हाला पाठ झालं होतं. लाकडी पेटीत बल्ब, वर काच, काचेच्या कडेला दोन खिळे, त्या खिळ्यांत अडकवलेले पातळ कागद. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसायचं, मग वरच्यावर किंचित पुढचं काढायचं. आमचं कॉलेज ते होतं.

सावली मुख्य चित्रं काढायचा: पाय टेकला, पाय उचलला, पाय टेकला. दोहोंच्या मधली चित्रं भरायचं काम माझं. मी पट्टी लावून बरोब्बर मध्य काढायचो. चित्रांच्या कागदांची गड्डी अंगठ्याखालून फर्रकन सोडली की माणूस चाकांवर ठेवल्यासारखा सरकायचा. काका कपाळाला हात लावायचे. "अरे फलटण, माणूस कधी बरोब्बर मधी असतोय का? एका बाजूला रेंगाळतोय, दुसऱ्या बाजूला पडतोय. मधी फक्त तुझी पट्टी हाय." माझी नात आता पुण्यात संगणकावर हीच विद्या शिकते. पहिलं आणि शेवटचं चित्र दिलं की मधली चित्रं यंत्रच भरतं, पण ती तशीच ठेवली तर माणूस सरकतो, म्हणून ती पुन्हा मागेपुढे करून बिघडवावी लागतात, असं ती मोठ्या उत्साहात सांगते. "आजोबा, तुम्हाला कसं माहीत हे?" असं तिनं विचारलं की मी विषय बदलतो.

काकांनी सांगितलं, एकच चालणं पूर्ण करा, पण असं करा की बघणाऱ्यानं माणूस ओळखला पाहिजे. सावलीनं सुभेदार निवडले. लढाईत बर्फानं त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. बुटाच्या रिकाम्या टोकात कापूस कोंबून, दोन्ही बूट आरशासारखे चमकवून ते ताठ चालायचे. पण डावं पाऊल टेकताना क्षणभर थांबायचे, जमिनीला विचारल्यासारखे. लहानपणी त्यांच्या मागे चालतच सावलीला ही सवय लागली होती. तो क्षणभराचा थांबा त्याला कागदावर हवा होता. महिनोन्‌महिने आम्ही तेवढंच काढत होतो. त्या पायासाठी त्यानं माझी मधली चित्रं फाडली आणि काकांकडून स्वतःचीही फाडून घेतली. "आबा पडत्यात आसं वाटाय नको," म्हणायचा. "पडंल आसं वाटावं, आन् पडू नये."

गड्डी पूर्ण झाली त्या संध्याकाळी त्यानं ती बोर्डिंगमध्ये आणून पोरांना दाखवली. एरवी ही पोरं कशालाही खिदळायची. त्या दिवशी गड्डी सुटली आणि कागदावरून एक म्हातारा फौजी चालत गेला, आणि पोरं सरकून जवळ आली. कराडकडचा एक मुलगा होता, त्याचे वडील लढाईवरून परत आले नव्हते. तो एवढंच म्हणाला, "परत दाखव." सावलीनं पुन्हा दाखवली. मग पुन्हा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. त्या गड्डीकडे बघून कोणीही हसलं नव्हतं.

काकांनी मुंबईच्या जुन्या सोबत्याला निरोप धाडला. उत्तर आलं: गड्डी घेऊन पोराला पाठवा, कामावर ठेवून शिकवू. काकांनी ते आम्हाला सांगितलं तेव्हा सावली खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे पाय धरून हसत राहिला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझंबी बघू पुढं." मी मान डोलावली. मला माझं पुढं दिसत होतं: फलटण, साखर कारखान्यात असलेल्या वडिलांच्या ओळखीनं मिळणारी शाळा, फळ्यावर काढायची कुंडी. हा जाणार आणि त्या गजांच्या खिडकीशी मी एकटा उरणार. काका त्याला वारंवार बजावत होते, "आधी वडलांना सांग बाबा. चोरून जाऊ नको." तो म्हणायचा, "सांगितलं तर सोडणार न्हाईत." तो पुढच्या आठवड्यात निघणार होता.

त्याआधी आमचा वर्ग निसर्गचित्रं काढायला दोन दिवस महाबळेश्वरला गेला. मला ताप होता म्हणून मी मागे राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार आले, हातात भाकऱ्यांचं गाठोडं.

"काय रं फलटण, आमचं रत्न कुठाय?"

"महाबळेश्वरला गेलाय, आबा. संध्याकाळी येईल."

"अभ्यास करतोय न्हवं?"

इथे ‘हो’ म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी म्हणालो, "माझं नाव सांगणार नसाल तर दाखवतो."

"सुभेदाराचा शब्द हाय."

टॉकीजमध्ये दुपारचा खेळ सुरू होता आणि काका वर मशीनच्या खोलीत होते. जिन्याखालची खोली उघडीच असायची. मी गड्डी काढून सुभेदारांच्या हातात दिली आणि कशी सोडायची ते दाखवलं. त्यांनी सोडली. मग पुन्हा सोडली. भिंतीपलीकडे नायिका किंचाळली.

"हे मी हाय."

"होय."

"किती जणांनी बघितलं?"

"सगळ्या बोर्डिंगनं."

"मग? काय म्हणाली पोरं?"

मी म्हणालो, "हसली."

एवढा एकच शब्द. मुंबईचं मी त्यानंतर सांगितलं. पण मुंबईचं ऐकून ते इतके पांढरे पडले नसते.

संध्याकाळी सावली परतला तेव्हा सुभेदार बोर्डिंगच्या मागे, पाणी तापवायच्या बंबाशी बसले होते. एकेक कागद आत सारत होते, घाई न करता. सावली धावत पुढे गेला आणि थबकला.

"आबा, ते तुमी हायसा वो!"

"म्हाईत हाय. लंगडा सुभेदार. जमिनीपायी पोराला मास्तर करतोय, आन् पोरगं गावाला तमाशा दावतंय."

"तमाशा न्हाई वो आबा. कुणी दिलं तुमास्नी?"

"तुज्या त्या काचवाल्याकडनं आणलं."

खोटं ते बोलले नाहीत. आणलं काकांच्या खोलीतूनच होतं. सावलीनं माझ्याकडे बघितलं. मी तापानं फणफणलेला, अंगावर चादर घेऊन दारात उभा होतो. माझ्याविषयी त्याला शंका आली नाही. वडलांना सांग म्हणून कोण रोज मागे लागलं होतं, हे त्याला आठवलं असणार. त्याच रात्रीच्या एसटीनं सुभेदार त्याला गावी घेऊन गेले.

काका दुसऱ्या दिवशी बोर्डिंगवर आले. "गड्डी तू न्हेलीस का?" मी नाही म्हणालो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग चष्मा पुसला आणि गेले. परीक्षेपुरता सावली सांगलीला आला. टॉकीजवरून जाताना काकांनी जिन्याखालून हाक मारली, "ए सावली! आरं, ऐक तर!" तो वळला नाही. मी त्याच्या शेजारीच होतो. माझं कोपर काकांच्या दाराला जवळजवळ घासलं, इतके आम्ही जवळून गेलो.

पुढे तो गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला आणि तिथेच निवृत्त झाला. मी फलटणला तेच केलं. अधूनमधून भेटायचो. रस्त्यानं जाणाऱ्यांच्या मागे चालणं त्यानं सोडलं होतं. "अभ्यासक्रम चांगला हाय बघ," म्हणायचा. "कुंडी, बादली, खुर्ची. एकबी हलत न्हाई. कुणाचा जीव दुखत न्हाई." पोरांचा मात्र तो लाडका होता. चित्र चुकलं म्हणून रडणाऱ्या पोराला तो खोडरबर न देता नवा कागद द्यायचा आणि स्वतः त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचा.

ग्रेड परीक्षांचे पेपर तपासायला जिल्ह्यातले आम्ही सगळे ड्रॉइंग मास्तर साताऱ्यात जमायचो. एका वर्षी चहाच्या सुट्टीत तो मला बाजूला घेऊन गेला. सुभेदार वर्षभरापूर्वी गेले होते. बशीत चहा ओतत, माझ्याकडे बघत तो म्हणाला, "काकांनी तसं कराय नको हुतं. न्हाई का रं?"

मी म्हणालो, "होय. त्यांची चूकच झाली."

तो बशी तशीच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. चल, गठ्ठं ऱ्हायल्यात अजून." आणि आत गेला. त्यानंतरही तो माझ्याशी नेहमीसारखाच वागला. दिवाळीला यायचा, माझ्या मुलाच्या लग्नात वाढायला उभा राहिला.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. तेराव्याला मी त्याच्या गावी गेलो. ओसरीवर वहिनी मला चहा देऊन समोर बसल्या.

"भावजी, एक इचारू? मामंजींनी जाताना समदं सांगितलं हुतं. गड्डी कुणी दिली, हसली म्हणून कुणी सांगितलं, समदं. मरताना शब्दातनं सुटतो म्हणालं. तवा आमचं हे सांगलीला जाऊन काकांच्या पाया पडून आलं. काका लय थकलं हुतं, पर वळखलं त्यांनी."

मी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"मग साताऱ्याला पेपर तपासायला निघालं तवा लय खुशीत हुतं. म्हणालं, फलटणला बोलायला वाट करून देतो. एकदा बोलला की झालं, माझ्या मनात काय न्हाई. आल्यावर इचारलं, तर गप. किती येळा इचारलं, पर न्हाई सांगितलं. काय म्हणाला हुता तुमी?"

मी सांगितलं. माझं साताऱ्यातलं वाक्य होतं तसं, शब्द न बदलता सांगितलं.

वहिनी माझ्या पुढचा कप, अजून भरलेलाच होता, उचलून आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. फलटणच्या एसटीला बराच अवकाश होता. त्या गावात दुसरं कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं, म्हणून मी त्याच ओसरीवर बसून राहिलो.