जवायाच्या बुटक्या गाडीत पाच दिवस

उभ्या जिंदगीत मी अमरावती-वलगाव-दर्यापूर रोडवर कायीपिवयी जीप चालवली. शाया चौथीत सुटली. मास्तर मने थांब, पन मलेच घाई होती. कायची घाई होती ते अजून समजलं नाई. आठ मानसाच्या जीपमंदी मी चौदा बसवाचो, आन सोता दरवाज्याच्या भाईर अर्धा लटकून गाडी हाकलाचो. त्या गाडीत मी उच्चा बसाचो. रस्त्यानं जानारा हरेक मानूस मले खाली दिसे. त्याचा मले भल्ला माज होता. तो माज उतरवाले मले सात समुद्रापार जा लागलं.

माही पोट्टी माह्यासारखी नाई निंगाली. अकोल्याले राहून इंजिनेर झाली. तठीच तिले एक पोट्टा भेटला, हिवरखेडचा. दोघंही जर्मनीत नोकरीले लागले आन मंग घरी सांगतलं का लगन करतो. पोट्टा शिकलेला, सोभावानं गरीब, सुपारीचंही खांड खात नाई. पन तो बौद्ध, आमी कुनबी. मी तोंड फुगवलं. जीपमंदी चौदा मानसं मांडीले मांडी लावून बसवताना मी कधी कोनाले जात इचारली नाई. घरी लगन निंगालं तवा मले जात आठोली.

लगन हिवरखेडले होतं. मी पोट दुखते मनून खाटीवर पडून राहिलो. मले वाटलं कोनीतरी मनवाले थांबन. बायको गेली, भाऊ गेला, भावाची बायको गेली, शेजारचेही माह्याच जीपमंदी बसून गेले. घरी चूल पेटवाले कोनी नोतं. दिवसभर मी शेंगदाने आन गुयावर काढला. सांजेले खरंच पोट दुखलं. सारे वापस आले तवा त्याईच्या कपड्याले आलू-वांग्याच्या भाजीचा वास येऊन राहिला होता. काय काय होतं जेवाले, हे इचाराची माही हिंमत झाली नाई.

त्याच्यानंतर अडीच वर्सं मी जवायासंग बोललो नाई. फोनवर त्याचा चेहरा दिसला का मी ढोरं सोडाले उठाचो. आमच्याकडं ढोरं नाईत. एक मांजर हाय, ती आपल्या मनानं जाते.

मंग पोट्टीले दिवस गेले. बाळंतपन कराले माय जाईन, हे ठरलेलंच होतं. बायको एकटी कशी जाईन मनून मलेही सोबत धाडलं. इंग्रजी मले येत नाई, तिलेही येत नाई. सोबत याच्यासाठी का हरपले तं दोघंही एकाच जागी हरपतीन.

म्युनिकले पोचलो तं एक नवीनच भानगड. जवायानं बुटकी, दोन सीटांची, शर्यतीवाली गाडी पाच दिवसासाठी भाड्यानं ठरवली होती. बर्फाचे डोंगर वलांडून इटलीले जाचं, तठच्या मोठ्या तयाच्या, मनजे सरोवराच्या काठी राहाचं आन वापस याचं. लहानपनी त्यानं त्या गाडीचा फोटो वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला होता, असं पोट्टी सांगे. तिनं आन त्यानं मियून ठरवलं होतं, पन आता सातवा महिना लागला. तिले त्या गाडीत वाकून बसता ये ना. जवाई मने राहू दे, गाडी वापस करू. पोट्टी मने कावून, बाबा जातीन ना.

मी नाई मनाच्या आंधीच तिनं मले स्वयंपाकघरात नेलं. ती ओरडली नाई. ओरडली असती तं मले सोपं गेलं असतं.

"बाबा, दोन महिन्यानं लेकरू येऊन राहिलं," ती मने. "त्याच्या समोर त्याच्या बापाले तुमी काय मनून हाक मारान? 'ओ, आयका' मनून?"

मी मनलं, पाहू.

"मले 'पाहू' नोको. तुमी भारतात वापस जाच्या आंधी मले त्याले जवाई मनलेलं आयकाचं हाय."

बायकोनं भाकरी, ठेच्याची बरनी आन शेंगदान्याची चटनी बांधून देल्ली. डिक्की उघडली तं ती समोर निंगाली, आन आतमंदी जागा हगऱ्या लेकराच्या झबल्याच्या पिशवीएवढी. ठेचा मांडीवर घेऊन बसलो.

बसलो मनजे काय, पडलो. ती गाडी पिवयी जर्द आन माह्या कमरेएवढी उच्ची. पयले बूड सोडून द्या लागे, मंग पाय आत वढा लागे. सीटवर टेकलो तं वाटलं खाटीवरून भुईवर आलो. बाजूनं एक ट्रक गेला, त्याचं चाक मले माह्या डोक्याच्या वर दिसलं. तीस वर्सं साऱ्याईले वरून पाह्यलं, आता कुत्रं आलं तरी त्याच्या डोयात डोये घालून पाहा लागे.

तठी ड्रायव्हर डाव्या आंगाले बसते. मी सवयीनं उजव्या आंगाले बसलो, तं माह्यासमोर स्टेरिंगच नाई. तरी पाय ब्रेक दाबाले जाये. हरेक वळनावर माहा हात हॉर्न दाबाले जाये आन समोरच्या कप्प्यावर थाप पडे. चिखलदऱ्याच्या घाटात तशीच गाडी शिकलो ना मी. थाप मारली का कप्पा उघडे आन त्यातले कागदं माह्या पायावर पडे. जवाई काई न बोलता एका हातानं कप्पा लावून घे. पयल्या दिवशी त्यानं तो बारा-तेरा डाव लावला असन.

बोलाचो मी काचासंग. "आता थांबा लागते," असं मी समोरच्या काचाले सांगाचो. "भूक लागून राहिली," हेही काचाले. जवाई मातर मले सिधा मामाजी मने आन गाडी थांबवे.

पयल्यांदा थांबलो पेट्रोल पंपावर, आन तठी माही खरी फजिती झाली. आत जाता आलं, भाईर येता ये ना. गुडघे छातीले लागलेले, धराले काई नाई. जवाई वळसा घालून आला, दार उघडलं आन हात समोर केला. मी मनात मनलं, अडीच वर्सं तोंड फिरवलं आन आता याच्या हाताले लोंबकायू काय? मी त्याच्या हाताकडं पाह्यलंच नाई. कूस बदलली, दोन हात भाईर टेकवले आन चार पायावर गाडीतून निंगालो. बाजूच्या गाडीत एक म्हातारी गोरी बाई होती. तिनं खिडकी खाली करून जवायाले काई इचारलं. मी मांगून त्याले मनलं, मनजे हवेले मनलं, का ती काय मनत होती. तो मने, मामाजी, ती इचारत होती का याईचं काई हरपलं काय.

मंग चार दिवस हेच. जठी थांबलो तठी तो हात समोर करे आन मी रांगत निंगाचो. डोंगराच्या माथ्यावर बर्फात रांगलो. चर्चच्या समोर रांगलो, तठी तं लोकं मले भाविक समजले. पँटच्या गुडघ्याले दोन भोकं पडले. पन तो दर डाव हात समोर करेच. एक डावही त्यानं केला नाई असं झालं नाई, आन एक डावही तो हासला नाई. मी असतो तं गाडीवर लोयून हासलो असतो.

डोंगरावर आमी भाकर खाल्ली. त्यानं ठेचा घेतला आन पानी न पिता खाल्ला, डोयातून धार लागली तरी. हिवरखेडचा मानूस, मनात मनलं, तिखटात कमी नाई. तोंडानं मनलं नाई.

चौथ्या दिवशी तयाच्या काठचं एक जुनं गाव लागलं. फोनमंदली बाई मने सिधं जा. मले डाव्या आंगाले एक गल्ली दिसली, खाली उतरत होती आन शेवटी पानी चमकत होतं. मी काचाले मनलं का हीच जवयची वाट हाय. जवाई मने, मामाजी, बाई सिधं मनून राहिली. मी मनलं, बाईले काय समजते, तीस वर्सं गाडी मी चालवली का तिनं?

त्यानं माहा मान राखला. गाडी गल्लीत घातली. पन्नास पावलं गेलो आन दोन्ही आंगाच्या भिंती जवय आल्या. पुढं उतार एकदम तुटला होता आन खाली दगडाची उच्ची पट्टी, आपल्या गावच्या ब्रेकरसारखी. रिकामी जीप असती तं ब्रेकरवरून निंगून गेली असती, पन त्या गाडीचं नाक तं भुईले टेकेलच होतं. मांगं पाह्यलं तं तीन गाड्या येऊन उभ्या. मांगं जाता ये ना, पुढं जाता ये ना. जवायाचा चेहरा उतरला. ज्या गाडीचा फोटो वहीवर होता, तिचं नाक आता माह्यापायी फुटनार होतं. तो मले एक शब्द बोलला नाई. तोच मले लागला.

आता हे काम मातर मले येत होतं. आमच्या रोडवर वलगावच्या आलीकडं असा ब्रेकर होता का भरलेली जीप त्याच्यावर टेके. तवा मी सवाऱ्या उतरवाचो, गाडी तिरपी घालाचो, आन एकजन समोर झोपून खालून पाहे. मी गाडीतून रांगत निंगालो, या डाव घाईनं. समोर जाऊन दगडावर पोटावर झोपलो, गाल भुईले लावला, आन हातानं दाखवलं का स्टेरिंग काटा, तिरपी येऊ द्या. एक चाक पट्टीवर चढू द्या, मंग दुसरं.

गाडी येऊ लागली. चार बोटं अंतर, तीन बोटं. पट्टीत एक लोखंडाचा खिया वर आलेला मले खालून दिसला. नाक सिधं त्याच्यावर येऊन राहिलं होतं. हात दाखवला तं गाडीच्या नाकामुयं त्याले माहा हात दिसे ना. मी मनलं, "ओ! ओ!" पन मांगच्या तीनही गाड्यातले लोकं ओ-ओ करूनच ओरडत होते. जवायाले कसं समजावं का यातला एक ओ माहा हाय? गाडी आली. दोन बोटं.

"जवाईबापू, थांबा!"

गाडी जागेवर थांबली.

मी झोपल्याझोपल्या खिया दगडानं ठोकून वाकवला. मनलं, "आता येऊ द्या जवाईबापू, जराक डाव्या आंगानं, हळू." एक चाक चढलं, दुसरं चढलं, गाडी पट्टी वलांडून खाली उतरली. नाकाले ओरखडा नाई. मांगच्या लोकाईनं टाया वाजवल्या. मले वाटलं माह्यासाठी, मनून झोपूनच हात वर केला. त्या गाडीसाठी होत्या.

मंग मले समजलं का मले उठता येऊन नाई राहिलं. कंबर धरली होती. गल्लीच्या मधोमध मी पडेल आन मांगं तीन गाड्या. जवाई गाडी लावून धावत आला आन हात समोर केला, जसा चार दिवस करत होता. मी धरला. त्यानं मले वर वढलं, पाठीची धूळ झटकली, आन तवा तो पयल्यांदा हासला. मने, मामाजी, बाई सिधं मनत होती. मी मनलं, हाव, बाई शायेत गेली असन.

घरी पोचलो. सांजेले जेवाले बसलो, बायकोनं ताटं केले. मी मनलं, "जवाईबापूले आंधी वाढा." पोट्टी वरनाचा चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मंग मने, बाबा, पँट कायनं फाटली? जवाई खाली पाहून जेवत राहिला. आजवर त्यानं तिले रांगल्याचं सांगतलं नाई, मीच आता सांगून बसलो.

नात झाली. वापस आलो तवा घरी दोन दिवस राहिलो, आन तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन एकटाच हिवरखेडले गेलो. व्याह्याच्या दारात उभा राहिलो तं पाय आत जाये ना. अडीच वर्सं उशिरानं लगनाले आलेला मानूस मी. विहीनबाई भाईर आल्या, पानी देल्लं आन मनल्या, या, आत या. मी पेढे देल्ले. मंग मान खाली घालून इचारलं का लगनात जेवाले काय काय होतं.

त्या हासल्या. आलू-वांग्याची भाजी, वरन-भात, पोया आन बुंदी, असं सांगतलं. मंग बुंदी सोडून तेच सारं त्याईनं माह्यासाठी त्याच दिवशी रांधलं, आन बुंदी व्याही चौकातून घेऊन आले. मी दोन डाव भाजी घेतली.

जेवन झालं आन मी उठाले गेलो, तं व्याही आंधीच माह्यासमोर हात करून उभे होते. मी मनलं, राहू द्या, मी उठतो. ते मने, "पोराचा फोन आला होता. मने, मामाजीले खाली बसवलं तं उठवा लागते, नाई तं ते रांगत निंगतात."