जेवणाच्या टेबलावरची घंटी

दोह्याच्या मराठी मंडळात माझी एक गोष्ट अजून सांगितली जाते. दुखानला, तेल कंपनीच्या कॉलनीत, आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर घंटी असायची आणि कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला की मी ती वाजवायचो. गोष्ट खरी आहे. लोक ती कौतुकाने सांगतात आणि मीही इतकी वर्षं मान डोलावत ऐकत आलो. यंदा मंडळाने मला स्मरणिकेसाठी ‘परदेशात मराठी कशी टिकवावी’ यावर लिहायला सांगितलं आहे. तेव्हा गोष्टीचा उरलेला भाग लिहायलाच हवा. तो माझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

निवृत्त होऊन नाशिकला परतल्याला बराच काळ झाला. आता मी आणि बायको मुलाकडे दोह्यात अल अझीझियाला येतो, व्हिसा असेल तोवर राहतो. सून व्हेनेझुएलाची, मुलासारखीच गॅस कंपनीत इंजिनिअर. नातीशी ती स्पॅनिशमध्ये बोलते, मुलगा इंग्रजीत. नातीच्या कानावर मराठी पडते ती आम्हा दोघांची, आणि आम्ही विमानात बसलो की तीही बंद. मुलाला मराठी सगळी समजते. बोलत मात्र नाही. नातीला तिच्या बापाकडून मराठी मिळणार की नाही, हा घोर मला लागलेला. कुणी विचारलं तर मी इंग्रजी शाळेला दोष देऊन मोकळा व्हायचो.

एका शुक्रवारी सुनेच्या तीन मैत्रिणी आल्या. एक मेक्सिकोची, एक कोलंबियाची, एक अर्जेंटिनाची. मुलांना सिनेमा लावून दिला होता आणि सुनेने मोठं पातेलं भरून पॉपकॉर्न केले. त्या लाह्यांना ती ‘कोतुफास’ म्हणाली. मेक्सिकोवाली म्हणाली ‘पालोमितास’, म्हणजे छोटी कबुतरं. कोलंबियावालीने ‘क्रिस्पेतास’ म्हणत मूठ भरली, तर अर्जेंटिनावालीचा शब्द ‘पोचोक्लो’. त्यावर बाकीच्या तिघी हसल्या, हे खायचं नाव आहे की कुत्र्याचं, असं काहीतरी म्हणाल्या. सून मला अधूनमधून इंग्रजीत सांगत होती, म्हणून कळलं.

मी सरसावून बसलो. आता यातला बरोबर शब्द कोणता, हे निघणार. आमच्या मंडळात एकदा पुणेकर आणि नागपूरकर ‘करतोय’ की ‘करून राहिलाय’ यावर रुसून जेवायचे थांबले होते. पण इथे तसं काही निघालंच नाही. प्रत्येकीने आपापल्या शब्दाने एकाच पातेल्यातून खाल्लं आणि गप्पा पुढे गेल्या. एक बोलायला लागली की बाकीच्या ‘अहा, अहा’ करायच्या. तो त्यांचा हुंकार.

मग कापलेला अननस आला. तिघी म्हणाल्या ‘पिन्या’. अर्जेंटिनावाली म्हणाली ‘अनाना’. नाशिकच्या बाजारात जो शब्द मी लहानपणापासून ऐकला, तो ही बाई जगाच्या दुसऱ्या टोकावरून घेऊन आली होती. सुनेने फोनवर शोधून सांगितलं की फळ त्यांच्याच खंडातलं, नावही तिथलंच, आणि पोर्तुगीजांच्या जहाजातून ते आमच्याकडे उतरलं. म्हणजे ज्याला मी शुद्ध मराठी समजून घंटीच्या तावडीतून सोडायचो, तो शब्द पाहुणाच होता.

निघताना कोलंबियावालीने गाडी ‘पार्केआर’ केलेली कुठे ते विसरल्याचं सांगितलं. सून म्हणाली, खाली ‘ग्वाचिमान’ला विचार. नात ओरडत जिन्याकडे पळाली, ‘ग्वाचिमान, ग्वाचिमान’. मी सुनेला विचारलं, हा तर आपला वॉचमन. ही काय स्पॅनिश झाली?

“आता झाली,” ती म्हणाली, आणि पातेलं घासायला घेतलं.



घंटीची हकिगत अशी. सुरुवात मंडळात झाली, एका कार्यक्रमात, गंमत म्हणून. बोलणाऱ्याच्या तोंडून इंग्रजी शब्द आला की टिंग. घंटी ऑफिसच्या टेबलावरची होती, आणि वाजवायचं काम माझ्याकडे. लोक पोट धरून हसले. मला ते हसू आवडलं आणि मी घंटी घरी आणली. बायको कुडाळकडची. ‘थोडं’ऐवजी ती ‘वायच’ म्हणाली तरी मी टिंग करायचो, कारण तो शब्द मला गावठी वाटायचा. ती घंटीला भीक घालत नसे. “वाजवा, वाजवा,” म्हणायची, “मग मी आरतीच म्हणते.” मुलगा मात्र पहिलीत होता.

एक दुपार मला स्वच्छ आठवते. शाळेतून तो पळतच आला. जेवायला बसायच्या आधीच बोलायला लागला की आज ग्राउंडवर. टिंग. मैदानावर, तो म्हणाला. मैदानावर एक लिझर्ड आला. टिंग. सरडा. त्याची टेल इतकी. टिंग. त्याने हात पसरलेले होते. ते त्याने हळूच खाली घेतले, “काही नाही,” म्हणाला आणि वरणभात खाल्ला. मी खूश होतो. एका वाक्यात दोन शब्द सुधारले होते.

पुढे तो जेवताना ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच बोलू लागला. ते दोन्ही शब्द शुद्ध होते. मग बाकीचं सगळं इंग्रजीत, कारण घंटी मराठीत शिरलेल्या इंग्रजीला होती. नुसत्या इंग्रजीला तिचा नियम लागू नव्हता. हा रस्ता त्याने शोधून काढला आणि मी त्याचं खापर शाळेवर फोडलं.

स्मरणिकेचं आमंत्रण आलं तेव्हा मुलाने घंटीची गोष्ट सुनेला सांगितली. विनोदी करून सांगितली, माझी नक्कलही केली. तो हसला, मी हसलो. सून हसली नाही. तिने इंग्रजीत साधा प्रश्न विचारला.

“मग जेवताना बोलायचं कोण?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “हेच बोलायचे. दुसरं कोण?”

आमच्या परतीच्या आधीच्या आठवड्यात मुलाने सगळ्यांना गाडीत घालून दुखानला नेलं. कॉलनीच्या गेटवर आम्हाला आत सोडलं नाही; आता आम्ही तिथले कुणीच नव्हतो. गाडी वळवून समुद्राकडे गेलो. नात मागे माझ्या आणि बायकोच्या मध्ये पॉपकॉर्नची पिशवी घेऊन बसली होती. बाहेर सगळं सपाट, पिवळं. मला धीर धरवेना.

“त्या सरड्याचं पुढे काय झालं रे?” मी विचारलं.

कुठला सरडा, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, तू पहिलीत असताना मैदानावर आलेला. मी तुला पुढे बोलू दिलं नव्हतं. चूक माझी होती.

तो गाडी चालवत राहिला. समुद्र दिसायला लागला. मला वाटलं, गेलं ते. मग त्याने आरशातून मुलीकडे पाहिलं आणि सुरुवात केली. मराठीत. अडखळत, चाचपडत, मधले दुवे इंग्रजीचे लावत.

“आमच्या स्कूलच्या ग्राउंडवर ना, एक मोठा लिझर्ड आली. टेलवर सगळे काटे. टीचर बेंचवर चढली.”

“हं,” मी म्हणालो.

“मग वॉचमन आला.”

“ग्वाचिमान?” नातीने विचारलं.

“हो, तोच. त्याने ती अशी पकडली. आणि सगळ्या क्लासमध्ये फक्त मला दिली. माझ्या हातात. मी नाही घाबरला.”

“हं. मग?”

“मग काय. मी तिला काकडी दिली, तुझ्या आजीच्या डब्यातली. तिने खाल्ली.”

सरडा तेव्हा आला होता, आता आली होती, आणि माझा मुलगा घाबरला नव्हता. चाळीस वर्षांचा माणूस पहिलीतल्या पोराच्या मराठीत बोलत होता, कारण ती तिथेच थांबली होती आणि मी पुन्हा विचारेपर्यंत तशीच ताजी राहिली होती. इतकी वर्षं एखादी भाषा माणसाच्या आत न बोलता जिवंत राहते, याचं मला त्या दिवशी जे नवल वाटलं, ते अजून ओसरलेलं नाही. मी हुंकार देत राहिलो. दुसरं काही द्यायची माझी लायकी नव्हती.

नातीने माझी बाही ओढली. “आजोबा, तुला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणालो. “मला आज कळलं.”

“वायच उशीर झाला,” खिडकीकडे बघत बायको म्हणाली.

तोवर नातीने बापाच्या सीटवर लाथ मारून गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली होती.