बुवापाडा नावाची वाट

खरवईतल्या माझ्या गॅलरीतून चंदेरी किल्ल्याच्या बाजूला एक वाकडा सुळका दिसतो. त्यावर चढायच्या वाटेचं नाव बुवापाडा. हे नाव कसं पडलं ते मीच सांगितलेलं बरं, कारण ज्यांनी सांगायला हवं ते विषय बदलतात.

मी उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे बॅगा शिवायला शिकलो. कापड घ्यायला जाताना शेठ सांगायचे, "पुट," म्हणजे पोरा, "खरा भाव ऐकायचाय? पाठ फिरव. मागून हाक येतेच." या एका शिकवणीवर पुढे मी माझा कारखाना उभा केला.

तेव्हा रविवारी मी एका गिर्यारोहण संस्थेबरोबर डोंगरात जायचो. आमचे लीडर अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. मी काही सुचवलं की म्हणायचे, "बुवापाडा, तू दोर धर. इथे घासाघीस चालत नाही." मी अंबरनाथच्या बुवापाडा वस्तीत राहायचो, म्हणून मला नावच ते. सगळे हसायचे. मी दात आवळून दोर धरायचो.

सुळक्याच्या तोंडावर एक सरळ भेग आहे. सगळे तिच्यातूनच चढायचे आणि वरच्या पुढे आलेल्या कातळाखाली अडकून उतरायचे. पुन्हा तीच भेग, पुन्हा तोच कातळ. भाव उतरत नाही हे दिसत असूनही एकाच दुकानात हट्टाने उभं राहण्यातला प्रकार. शेवटी माझी पाळी आली. मी त्या कातळाखाली पोचलो, वर बघितलं आणि सरळ पाठ फिरवली. उजवीकडे पाऊल मावेल एवढी कड होती, तिच्यावरून आडवा निघालो.

"अरे, तिकडे काही नाही! मागे फिर!" लीडर खालून ओरडले.

पण दोराचं दुसरं टोक त्यांच्याच हातात. सोडता येईना, म्हणून देत राहिले. वळसा घातल्यावर कारवीच्या झुडपांमागे एक रुंद खाच निघाली, थेट माथ्यापर्यंत. मी वर पोचलो, दोर बांधला. लीडर माझ्या दोरावरून वर आले आणि आल्या आल्या फोटो काढायला उभे राहिले.

आमच्यात रीत आहे: जो पहिला दोर घेऊन वर जातो, वाटेचं नाव तो ठेवतो. संस्थेने परस्पर स्वतःचंच नाव ठेवलं. संस्थेच्या फलकावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'सहकार्य'. मी भर बैठकीत खुर्ची आपटली आणि बाहेर पडलो. त्या वेळी मात्र मागून हाक आली नाही. हे मी विसरलेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात लीडर माझ्या दुकानात आले. आता शिवमंदिराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे आणि माझ्या सॅक डोंगरात फाटत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्याच सुळक्यावर शिबिर होतं, सॅक हव्या होत्या.

"जुनी ओळख आहे, जरा कमी करा," ते म्हणाले. मी आता 'अहो' झालो होतो.

"तुम्ही म्हणाल त्या भावात देतो. वाटेचं नाव मी ठेवणार."

"ते कसं शक्य आहे? मग राहू द्या." ते पाठ फिरवून निघाले.

मी हाक मारली नाही. काउंटर पुसत राहिलो. ते स्कूटरपर्यंत गेले, हेल्मेट घातलं, काढलं, परत आले.

"तुमचंच नाव लावायचं का?"

"माझं नको. बुवापाडा."

"वाटेला हे शोभेल का हो?"

"मला शोभत होतं ना?"

त्यांनी खाली बघत मान डोलावली. सॅक मी त्यांच्या भावात दिल्या. धंद्यात असं मी पहिल्यांदाच केलं.

शिबिराच्या सकाळी मी मुद्दाम सुळक्याच्या पायथ्याशी गेलो. पोरंपोरी माझ्या सॅक पाठीवर घेऊन उभी होती. लीडर घसा खाकरून पुटपुटले, "आज आपण बुवापाडा वाटेने चढणार आहोत."

मी सगळ्यात मागे होतो.

"साहेब," मी ओरडलो, "मागे ऐकू आलं नाही!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने.