सहाणेवरची गोळी

काल मावशीकडे गेलो, तर ती देवघरातल्या सहाणेवर काकांची गोळी उगाळत होती. बाळाची गुटी उगाळावी तशी, दोन थेंब पाणी टाकून, अगदी मन लावून. शेजारी मधाची बाटली. माझं डोकंच फिरलं.

ती गोळी आमच्या प्रयोगशाळेतली. तिच्या पोटात मोहरीहून बारीक असे शेकडो दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर पातळ लेप, म्हणजे औषध दिवसभर थोडं थोडं सुटत राहावं. मशीनच्या दाबाखाली तो लेप तडकू नये म्हणून आम्ही तीन वर्षं घासली. आणि या बाईने अख्खा दिवस एका चाटणात कालवला! असल्या घरांत औषधं पाठवूच नयेत. सुंठ पाठवावी.

"मावशी, ही उगाळतात का कधी? अख्खी गिळायची असते," मी सहाण तिच्यापुढून ओढत म्हणालो.

"घशाखाली उतरत नाही रे त्यांच्या. परवा ठसका लागला तर डोळे पांढरे झाले. एवढी मोठी गोळी! तू गिळलीयस कधी?"

पलीकडे खुर्चीत काका आ करून चाटणाची वाट बघत होते.

आम्ही ती गोळी कोमट पाण्याच्या काचेच्या भांड्यात सोडायचो आणि घड्याळ लावून बसायचो. भांड्याला कधी ठसका लागला नाही. आम्ही आठजण, पांढऱ्या कोटातले, मोठे शहाणे. आठांत एकालाही घसा नव्हता.