वाळवी ऐकणारा माणूस

घराला वाळवी लागली की माणसं आधी घाबरतात, मग एकमेकांना दोष देतात आणि अगदीच नाइलाज झाला की वाळवीवाल्याला बोलावतात. या शेवटच्या पायरीवर तीस वर्षं ज्याचं पोट चाललं, त्याला ओळखीचे लोक कानसेन म्हणत. गाण्याबिण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गाणं लागलं की त्याला जांभया यायच्या. पण लाकूड ऐकावं तर त्यानंच, असं सगळे म्हणत, आणि तोही ते कधी नाकारत नसे.

बाकीचे वाळवीवाले दाराच्या चौकटीत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघत. आत गेला की वाळवी आहे, नाही गेला की नाही. कानसेनला याची भयंकर चीड. "भोसकायला अक्कल लागते का? चांगल्या लाकडाला भोकं पाडायची आणि वर म्हणायचं, तपासणी केली!" तो स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा आणि मुठीकडून चौकटीवर ठोकत वरून खाली यायचा. टक्, टक्, टक्. मधेच थांबायचा, दोन बोटं मागे जायचा, पुन्हा ठोकायचा. भरीव लाकडाचा आवाज टणक आणि आखूड. पोखरलेलं लाकूड ढब्ब बोलतं. संशय आला की तो कान लाकडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. वाळवी आत काम करत असली की वाळलं पान चुरगळल्यासारखी बारीक कुरकुर येते. ती त्याला यायची. घरची माणसं तोवर श्वास रोखून उभी. मग तो डोळे उघडून एकच शब्द बोलायचा. "आहे" किंवा "ठणठणीत." त्यावर पुढे कोणी प्रश्न विचारलेला त्याला खपत नसे.

"आहे" म्हटलं की खरं काम सुरू. भिंतीच्या कडेकडेनं जमिनीत वीत-वीत अंतरावर भोकं पाडायची, त्यांत औषध सोडायचं, मुरू द्यायचं आणि सिमेंटनं बुजवायचं. भोकं ड्रिलनं पाडायची. बंद खोलीत, खाली डोकं घालून, दिवसभर. बायको सुरुवातीपासून कानीकपाळी ओरडायची, "अहो, निदान कापूस तरी घालत जा कानात." त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "कापूस घातला तर लाकूड कसं ऐकू?" ड्रिल चालू असताना कोण लाकूड ऐकतं, हे त्यालाही कळत होतं. पण उत्तर झोकात होतं, आणि माणूस आपल्या झोकदार उत्तरांना फार जपतो.

कान गेले ते एका दिवसात नाही गेले. आधी बायकोची बडबड कमी झाली असं त्याला वाटलं, आणि त्यानं मनातल्या मनात देवाचे आभारही मानले. मग ती एकदा टीव्हीसमोर येऊन उभी राहिली. "हा आपल्यासाठी लावलाय की चौकातल्यांसाठी?" मग एका घरी त्यानं कपाटाच्या पाठीला कान लावला, आणि मालकीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, मला इथून ऐकू येतंय की हो, कुरकुरतंय!" त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. "हो, आहे," तो म्हणाला, जणू आपणच आधी ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बारीक आवाज गेले ते गेले, परत यायचे नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं बरं ऐकू येईल. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं. "मग कानाला काही लावत नव्हता?" यावर मात्र त्याला झोकदार उत्तर सुचलं नाही.

यंत्र आणलं, एक दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. कानात यंत्र घालून कानसेन लाकूड ऐकायला आला, तर लोक दारातूनच हसतील, नाही का? बायकोला त्यानं बजावलं, कुठे बोलायचं नाही. विशेषतः ताईकडे नाही. बायको मूग गिळून गप्प बसली आणि त्याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

काम तर थांबवता येत नव्हतं. म्हणून तो पूर्वीसारखाच ठोकत राहिला. टक्, टक्, टक्. सगळी लाकडं आता त्याला एकसारखी वाजायची, सगळी जणू रजईखालून. मग तो डोळ्यांनी शोधायचा. भिंतीवर चढलेल्या मातीच्या नळ्या, फुगलेला रंग, खिडकीत गळून पडलेले वाळवीचे पंख. हे दिसलं की "आहे". काही दिसलं नाही की तो आठवायचा, गेल्या वर्षी इथं काय होतं? चांगलं होतं? मग यंदाही असेल. "ठणठणीत." बहुतेक वेळा खरंही ठरायचं, कारण बहुतेक घरं चांगलीच असतात. तो याला अनुभव म्हणायचा. मी याला फसवणूक म्हणेन, पण त्याच्या जागी असतो तर मीही अनुभवच म्हटलं असतं.

ताई त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला कडेवर वागवलं, शाळेत पोचवलं, मारामारी करून आला की आधी औषध लावलं आणि मग धपाटे घातले. आता ती सत्तरीची, एकटी. तिचं घर लहान, तीन खोल्यांचं, कौलारू. मेव्हण्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाडजूड तुळई होती, आणि सगळं छप्पर तिच्यावर तोललेलं. मेव्हणे जेवून उठले की वर बघून म्हणायचे, "आपण जाऊ, ही राहील." ते गेले. ताई त्या खोलीत, त्या तुळईखाली पलंग टाकून राहायला लागली.

भाची दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला तेच म्हणायची. "आई, घर जुनं झालंय. माझ्याकडे चल." ताईचंही उत्तर तेच. "घराला काय धाड भरलीय? माझा भाऊ दर वर्षी तपासतो. तो ठणठणीत म्हणतोय." यावर भाचीचं काही चालायचं नाही. मामाच्या शब्दावर ताईनं आपलं सगळं म्हातारपण टेकवून ठेवलं होतं, आणि मामाला ते माहीत होतं.

सलग तीन वर्षं तो गेला. ताईनं तुळईला पिवळा तेलरंग देऊन घेतला होता, छान चकचकीत. वाळवी आतून, भिंतीत पुरलेल्या टोकातून चढत असेल तर बाहेर मातीचा कणही दिसत नाही, आणि वर रंग असला तर मुळीच नाही. अशा वेळी टोचूनच बघावं लागतं. कुठलाही नवखा वाळवीवाला टोचून बघतो. पण कानसेन आयुष्यात कधी टोचत नव्हता, तो ताईच्या नव्या रंगाला भोक पाडणार? आणि का पाडलं म्हणून तिनं विचारलं, तर सांगणार काय? तो स्टुलावर चढायचा, ताई खाली स्टूल धरायची, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकायचा आणि म्हणायचा, "ठणठणीत." मग दोघं चहा प्यायचे. तीनही वर्षं.

चौथ्या वर्षी भाचीनं ऐकलं नाही. पुढच्या खोलीतली चार कौलं एकाएकी खाली सरकली होती, म्हणून तिनं दुसऱ्या कंपनीला बोलावलं. ताई आधी चिडली, मग म्हणाली, "बघू दे. पण माझा भाऊ समोर हवा." म्हणून तोही गेला. बायकोनं निघताना यंत्राची डबी पुढे केली. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

कंपनीकडून एक पंचविशीची मुलगी आली होती. पाठीवर पिशवी, हातात ओल मोजायचं छोटं यंत्र. ड्रिलचा आवाज अडवायला कानांवर चढवायच्या मोठ्या गोल टोप्या तिनं गळ्यात अडकवल्या होत्या. कानसेनला आधी त्याच दिसल्या. ताईनं त्याची ओळख करून दिली, "हा तीस वर्षं हेच करतोय. दर वर्षी ह्यानंच बघितलंय. काही अडलं तर ह्याला विचार." मुलगी मनापासून म्हणाली, "हो का काका? मग माझं काम सोपं झालं."

तिनं यंत्र तुळईच्या टोकापाशी भिंतीला लावलं, आकडा बघितला आणि दुसऱ्या टोकाला लावलं. मग शिडीवरून खाली वळून म्हणाली, "काका, टोचू का?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "टोच," तो म्हणाला.

स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला. तिनं तो ओढला, तसं रंगाचं पापुद्र्यासारखं सालपट सुटलं आणि आतून ओल्या मातीचा लगदा ताईच्या पलंगावर पडला. पांढरी वाळवी चादरीवर सैरावैरा धावायला लागली. मुलीनं आणखी तीन ठिकाणी टोचलं. मधला हातभर तुकडा तेवढा लाकूड होता. बाकी सगळा रंग.

ती खाली उतरली, हात पुसले. ती ओरडली नाही, तिनं टोमणा मारला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. "तीन-चार वर्षं झाली असतील. तेव्हा कळलं असतं तर भिंतीतली टोकं बदलून, औषध सोडून भागलं असतं. आता वाशांतही शिरलीय. औषधानं वाळवी मरेल काकू, पण लाकूड परत यायचं नाही. छप्पर उतरवावंच लागेल, आणि मातीच्या भिंती वाळवीनं आतून इतक्या पोखरल्यात की त्या नवं छप्पर पेलणार नाहीत. आजपासून या घरात झोपू नका."

भाचीनं विचारलं, "मामा, तुम्ही मागच्या वर्षी बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं."

"मग?"

ताईच मधे पडली. "अगं, वाळवी काय, रातोरात वाढते." कंपनीच्या मुलीनं काही बोलायला तोंड उघडलं, कानसेनच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. भाची तिला सोडायला आणि फोन करायला बाहेर गेली. सामान हलवायला टेम्पो पाहिजे होता.

खोलीत दोघंच उरली. ताईनं चादर गोळा केली, कोपऱ्यात टाकली आणि उघड्या गादीवर त्याच्या शेजारी येऊन बसली. इतक्या जवळून ती बोलली की त्याला ऐकू आलं.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

त्यानं मान हलवली.

"पहिल्यांदा रंग दिला होता ना, त्या वर्षी तू ठोकत होतास आणि मी स्टूल धरलं होतं. त्या भिंतीकडे मला आवाज पोकळ वाटला रे. लहानपणी तूच नव्हतास का दाखवत दारं वाजवून? तसाच. मी म्हटलंही तुला, हा वेगळा वाजतोय का रे?"

त्याला हे आठवत नव्हतं. आठवणार कसं? त्याची पाठ होती तिच्याकडे.

"तू काही बोललाच नाहीस. वर तोंड करून ठोकतच राहिलास. मला वाटलं, चिडलास. तुझ्या कामात कोणी बोललेलं तुला आवडत नाही. पुढच्या वर्षी तर आणखी पोकळ वाजला, पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय? तुला कळतंय. तू ठणठणीत म्हणालास, मग मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही."

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, शाळकरी पोरासारखे. अठ्ठावन्न वर्षांत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ताई, मला ऐकू येत नाही."

"काय?"

"कान गेलेत माझे. पाच वर्षं झाली. तू विचारलंस, ते मला ऐकूच आलं नाही. लाकूडही ऐकू येत नव्हतं. मी उगाच ठोकत होतो."

ती रागावेल, एक थोबाडीत देईल, अशी त्याची खात्री होती, आणि त्याला ती थोबाडीत हवीच होती. पण तिनं त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला, म्हणजे तिचे ओठ त्याला दिसतील, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"अरे वेड्या, मग मला सांगायचं होतंस. मी होते की खाली. मला येत होतं ऐकू."

बाहेर भाची टेम्पोवाल्याला पत्ता सांगत होती. ताई उठली आणि भिंतीवरचा मेव्हण्यांचा फोटो काढायला लागली. तिचा हात पुरत नव्हता, म्हणून तो स्टूल आणायला गेला.