पडवीतली जिम आणि रापणीचा दोर

आमच्या घरात व्यायामाची यंत्रं येतील असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. मी पत्रकांवरच वाढले. मच्छीमारांच्या मोर्चांची पत्रकं घड्या घालायला आमच्याकडे यायची, आणि शाळेत जायच्या आधी मी त्यांवरूनच वाचायला शिकले. त्यामुळे माझं मत पक्कं होतं: जिथे माणसं होड्या लोटून दमतात, तिथे घाम गाळायला यंत्र आणणं म्हणजे जाहिरातीपुढे मान तुकवणं.

मग शिमग्याच्या सुमारास बाबा विहिरीच्या पायरीवर घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळी घालून ते जोडलं. हाड जुळलं, पण अंथरुणात पडून पाय काठीसारखा बारीक झाला. बाबांना एकच चिंता होती. नारळी पौर्णिमेनंतर रापण लागणार, आणि तेव्हा आपण दोरावर असू की नाही?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात गोलाकार सोडतात, दोन्ही बाजूंचे दोर वाळूवर आणतात, आणि माणसं कंबरेला पट्टा अडकवून, तोंड समुद्राकडे ठेवून, उलट्या पावलांनी दोर मागे नेतात. मिळालेल्या मासळीचे सगळ्यांत वाटे होतात. एक वाटा देवालाही काढतात.

रापणीचे म्होरके म्हणजे बाबांचे एक चुलतभाऊ. ते बघायला आले आणि म्हणाले, "तू घराकडे बस रे. तुझो वाटो मी धाडून देतंय."

"दोराक हात लावल्याशिवाय घेवचंय नाय," बाबा म्हणाले. "माका काय देव समाजलस, बसल्या जाग्यार निवेद दाखवूक?"

मी मध्ये पडले. आजारी माणसाचा वाटा हा हक्क आहे, ती दया नव्हे, हे मी सांगू लागले.

"तुझा पत्रक मागीर वाच गो," बाबा म्हणाले. "माका वाटो नको, दोर व्हयो."

पावसाळा तोंडावर होता. पाखाडीच्या शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर हा पाय घेऊन चालणं अशक्य. म्हणजे जे काही करायचं ते पडवीतच. अशा रीतीने मी, यंत्रांची शत्रू, बाबांना घेऊन कुडाळच्या दुकानात गेले.

दुकानदाराने सगळ्यात आधी वल्हवायचं यंत्र दाखवलं. घसरती बैठक, समोर ओढायची मूठ. पाय, पाठ, दंड, दम, सगळ्यांना एकदम व्यायाम, असं तो म्हणाला. बाबा बसले, मूठ ओढली, पुन्हा ओढली, आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ह्या वल्हवून माणूस खंय पोचता?"

"कुठेच नाही काका. जागेवरच."

"मग परत येवचो तरास नाय," बाबा म्हणाले आणि उतरले.

ते यंत्र वाईट नव्हतं, पण बाबांचा गुडघा तितका वाकत नव्हता. मी तिथे एक नियम ठरवला आणि तो मला आजही पटतो: यंत्राला काय काय येतं ते विचारू नये, आपल्या अंगाला काय करायचं आहे ते विचारावं. आम्ही घेतले ते वेगवेगळ्या ताणाचे रबरी पट्टे, एक सतरंजीसारखी चटई, आणि रबराचं आवरण असलेली डंबेल्सची जोडी. उघडं लोखंड आमच्याकडची खारी हवा खाऊन टाकते.

ट्रेडमिल मात्र न मागता आली. माझा भाऊ गोव्यात हॉटेलात कामाला आहे. तिथे नवी यंत्रं आल्यावर जुनी काढली, तेव्हा त्याने एक टेम्पोत घालून घरी आणली. पडवीत ती एखाद्या पाहुण्यासारखी बसली. भाऊ चालवून दाखवून परत गेला. त्यानंतर बाबांनी जे केलं ते आमच्या किनाऱ्यावरचा माणूसच करू जाणे. पावसाआधी होडीचं इंजिन उतरवून ग्रीस माखून ठेवतात, तसं त्यांनी खुर्चीवर बसून सगळं यंत्र ग्रीसने माखलं. पट्ट्याखालची फळी, दोन्ही रूळ, काही सोडलं नाही. वर ताडपत्री घातली.

पहिल्या मोठ्या पावसात ताडपत्री काढून मी बटण दाबलं. मोटर घुमली, रूळ ग्रीसवर घसरत नुसते फिरले, पट्टा जागचा हलेना.

आई दारात उभी होती. "होडयेचा इंजीन समाजलात काय हेका? आता खंय नेतलात, दर्यात?"

"गंज तरी येवचो नाय," बाबा म्हणाले.

"खराच. फिरूचाच नाय तर गंजतला कशाक?"

मी चिडले. मिस्त्री शोधू लागले. पण त्याच आठवड्यात फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. त्या नागपूरकडच्या, वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी रापण कधी पाहिली नव्हती. "काका, ओढताना पुढे चालता की मागे?" त्यांनी विचारलं. बाबांनी पडवीच्या खांबाला दोरी बांधून, कंबर मागे टाकून, टाच रोवून दाखवलं. मॅडम बघत राहिल्या. मग त्यांनी बंद ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पाय ठेवून रेटला. ग्रीसमुळे तो सहज सरकला.

"हे दुरुस्त करू नका," त्या म्हणाल्या. "वायर काढून ठेवा. काका, पाठ आडव्या दांड्याला टेकवा, दोन्ही बाजूंना धरा, आणि टाचांनी पट्टा ढकलत उलटं चाला. माणूस जवळ असल्याशिवाय चढायचं नाही."

पावसाळाभर पडवीत तेच चाललं. आधी रबरी पट्टे लावून बसून पाय ताणणं, मग डंबेल्स धरून खुर्चीवरून उठणं, शेवटी ते उलटं चालणं. बाहेर पागोळ्या गळत असायच्या, आणि आत आई वालीची भाजी निवडता निवडता देखरेख करायची. "सरळ बघा, पायाक काय बघतात? पाय खंय पळान जावचे नाय." जरा दमले की बाबा डोळे मिटून उलटे चालायचे. जाळं किती जड लागतंय ते बघत असतील, असं मला वाटायचं. मांडी भरत गेली. काठी दारामागे गेली.

रापण लागली त्या सकाळी मी किनाऱ्यावर होते. बाबांनी पट्टा कंबरेला अडकवला, त्याचं टोक दोराला गुंडाळलं आणि टाच वाळूत रोवली. पायाने ताण पेलला. माझ्या मनात तर त्यावर लिहायच्या लेखाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं.

पण रापणीत ओढणारा माणूस मागे मागे जात टोकाला पोचला की दोर सोडतो, आणि झपाझप उतारावरून पाण्यापाशी येऊन पुन्हा दोर धरतो. ते खाली येणं आम्ही पडवीत कधी केलंच नव्हतं. ना मला सुचलं, ना मॅडमना ठाऊक. बाबा ओढत होते सगळ्यांबरोबर, पण सोडल्यावर ओल्या वाळूतून खाली पोचेपर्यंत त्यांना धाप लागायची आणि त्यांची जागा पुढे निघून गेलेली असायची. दोर कुणासाठी थांबत नाही. तो थांबला तर मासळी निसटते. तेव्हा ते पाण्याशी उभे राहून एक फेरी जाऊ देत आणि पुढच्या फेरीला दोर धरत. जाळं वर येईपर्यंत त्यांनी ते असंच निभावलं.

म्होरक्यांनी त्यांच्या टोपलीत पुरता वाटा घातला. बाबांनी अर्धे बांगडे उचलून परत ढिगावर टाकले.

"ह्या काय रे?" म्होरक्यांनी विचारलं.

"अर्दो दोर, अर्दो वाटो."

"इतक्या वर्सांचो दोर काय वाऱ्यान गेलो?"

"तेचो वाटो तेवाच खाल्लो मी."

मी पुन्हा तेच म्हणाले, की पूर्ण वाटा हा त्यांचा हक्क आहे. आजही मला माझंच बरोबर वाटतं. पण म्होरक्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बाबांना विचारलं, "आणि उरलेलो अर्दो?"

"ठेव थंय. पायान येवन घेतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पडवीतल्या यंत्राकडे पाहिलंही नाही. चप्पल काढून ते थेट वाळूवर गेले, माडांपासून पाण्यापर्यंत उतरले, थोडे थांबले, छाती भरून श्वास घेतला, आणि पुन्हा चढून माडांपाशी येऊन परत उतरायला लागले.