भुजमध्ये घर शोधताना

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "आजी, तू वाळवंटात राहायला चाललीस म्हणजे उंट पाळणार का?" उंट पाळणार नाही. बाकी सगळं मात्र खरं आहे. ते कसं ठरलं हे लिहूनच पाठवते, कारण फोनवर सांगायला लागले की मेलबर्नमध्ये तुमची शाळेची वेळ होते.

सुरुवात नोव्हेंबरात झाली. इथे ग्लासगोमध्ये मी बसमध्ये चढले, पर्समधून पास काढायला गेले, तर बोटं हलेनात. उजव्या हाताची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. हा त्रास मला बरीच वर्षं आहे. थंडी लागली की बोटांतलं रक्त माघार घेतं आणि परत यायला अर्धा तास लावतं. पण त्या दिवशी हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घातल्या होत्या, तरी झालं. मागे रांग खोळंबलेली. ड्रायव्हर भला माणूस. "जा आजी, बस. तुझं वय मला दिसतंय, पास कशाला हवा?" असं काहीसं तो त्याच्या ग्लासगोच्या इंग्रजीत म्हणाला. सगळी बस हसली, मीही हसले. मग सीटवर बसून, हात काखेत दाबून, ठरवून टाकलं की पुढचा नोव्हेंबर या गावात काढायचा नाही.

घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, "बरं. कुठे जायचं?"

"कोरड्या, उबदार ठिकाणी. वाळवंटात."

"राहायला की हरवायला?"

"अहो, मी गंभीरपणे बोलतेय."

तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला, माझे हात हातात घेऊन बोटं पाहिली. "मग याच वर्षी," ते म्हणाले. "मी पंचाहत्तरीचा झालो. अजून माझी बॅग मी उचलतो. आणखी दोन वर्षं थांबलीस तर बॅगेबरोबर मलाही उचलावं लागेल."

मी अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली, हे तुम्हाला माहीत आहे. कागदावर रकाने आखल्याशिवाय मला विचार करता येत नाही. दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर मोठा तक्ता लागला. कोरडे दिवस किती, दवाखाना किती लांब, बाजार चालत गाठता येतो का, घराची किंमत काय, वर्षातून ऊन किती तास. शेवटी "भेळ मिळते का?" असा एक रकाना आजोबांनी पेनाने वाढवला. मी खोडला नाही.

तक्त्यात तीन गावं होती. स्पेनच्या आग्नेय टोकाचं एक छोटं गाव पहिल्याच महिन्यात गळालं. आजोबा म्हणाले, "माझा गुडघा कसा दुखतो ते मला स्पॅनिशमध्ये सांगता येणार नाही, आणि सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही." बिकानेर मला फार आवडलं होतं, पण तिथल्या जानेवारीतल्या पहाटेचे आकडे पाहिले आणि बोटं आपोआप मिटली. राहिलं भुज. हिवाळा सौम्य, हवा कोरडी, मुंबईहून थेट जाता येतं, आणि घरं आपल्याला परवडतील अशी. परवडणं महत्त्वाचं होतं, कारण भारतात राहायला गेलं की इथलं सरकारी पेन्शन आहे त्याच रकमेवर थांबतं, दर वर्षी वाढत नाही. भेळेच्या रकान्यात आजोबांनी "दाबेली" लिहून दोनदा अधोरेखित केलं.

मग फेब्रुवारीत घरं बघायला सुरुवात झाली. तिथल्या एक बेन घरं दाखवण्याचं काम करतात. त्या फोन हातात धरून खोल्या फिरायच्या आणि आम्ही स्वयंपाकघरात टॅब्लेटपुढे चहा घेऊन बसायचो. माझे प्रश्न ठरलेले. घराचं तोंड कुठे? खिडक्या केवढ्या? भिंतीला हात लावून बघा, ओल आहे का? कपाट उघडून वास घ्या, कुबट येतो का? ग्लासगोत घर घेताना आम्ही हेच केलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसलं होतं.

बेन हिंदीत म्हणाल्या, "सीलन? बेन, यहाँ कहीं सीलन मिल जाए तो मुझे ज़रूर बताना, हम नारियल फोड़ेंगे."

पहिलं घर मला रस्त्याच्या फार जवळ वाटलं. दुसरं एका अरुंद गल्लीत, उत्तरेला तोंड, जाड दगडी भिंती, हातभर खिडक्या आणि पश्चिमेला भलामोठा कडुनिंब. दोन मिनिटांत मी म्हटलं, "अंधारं आहे, पुढचं दाखवा." तिसऱ्याला जिने फार. आणि चौथं! चौथ्या घराचं दार बेननी उघडलं आणि आमचा टॅब्लेट पांढरा शुभ्र झाला. दक्षिणेला दार, पश्चिमेला छतापर्यंत काचेच्या खिडक्या, समोर मोकळा ओटा, आजूबाजूला झाड नाही की इमारत नाही. "दिवसभर ऊन," बेन म्हणाल्या. किंमत बाकीच्यांपेक्षा कितीतरी कमी.

या देशात घराच्या जाहिरातीत "दक्षिणमुखी बाग" असे दोन शब्द असले की लोक उन्हाच्या ओढीने धावत सुटतात. आम्हीही चाळीस वर्षं धावलो. मी आजोबांच्या कानात म्हटलं, "दक्षिणेचं दार आहे ना, म्हणून वास्तूवाल्यांनी नाकारलं असणार. आपल्याला कुठे ते मानायचंय?"

"म्हणजे अंधश्रद्धेचा डिस्काउंट," आजोबा म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिसरं बिस्किट दिलं. सोमवारी बयाणा पाठवतो असं बेनना सांगूनही टाकलं. त्या रात्री मनातल्या मनात मी त्या ओट्यावर तुमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या.

रविवारी आमच्या मासी चहाला आल्या. त्या मूळ भुजजवळच्या गावच्या, वय ब्याऐंशी. इथे आमच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. आता ते मुलगा चालवतो. त्या गुजरातीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते, चाळीस वर्षं आमचं असंच चाललंय. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून मी आतापर्यंत काही बोलले नव्हते. चौथ्या घराचे फोटो मी त्यांच्यापुढे एकामागून एक ठेवले.

मासींनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "पश्चिम कुठली?"

मी काचा दाखवल्या.

"आणि या घरात राहणार कोण? तुम्ही की पापड?"

आजोबा आधी हसले. मला कळायला वेळ लागला. मासी मग थांबेनातच. "अगं दीकरी, मे महिन्यात दुपारी तीनला त्या ओट्यावर उभी राहशील? कुत्रंसुद्धा तिथे बसणार नाही. आमच्याकडे लोक सावलीचे पैसे देतात. ऊन फुकट मिळतं, म्हणून तर ते घर स्वस्त आहे!"

"मला वाटलं वास्तूमुळे," मी म्हटलं.

"वास्तूचं मला माहीत नाही. पश्चिमेचं ऊन माहीत आहे. तिथल्या कुणाला विचारलंस का, दुपारी कुठे बसता म्हणून?"

नव्हतं विचारलं. एवढा मोठा तक्ता, पण हा रकानाच नव्हता. मासी गेल्यावर मी फ्रिजसमोर उभी राहिले. उन्हाच्या तासांना मी गुण दिले होते, जितके तास जास्त तितके गुण जास्त. शहाण्या आजीने सगळं व्यवस्थित मोजलं होतं आणि एकच चिन्ह उलटं लावलं होतं. खरं सांगते, रडू आलं. घर हातचं जाण्याचं इतकं वाईट वाटलं नाही. आता पुन्हा शोधत बसायचं, उन्हाळा निघून जायचा, पुन्हा नोव्हेंबर यायचा आणि आजोबांची बॅग आणखी जड व्हायची, याची भीती वाटली.

आजोबा पेन्सिल घेऊन आले. "चिन्ह उलटं असेल तर सुलटं करू. कर बेरीज." आम्ही उभ्या उभ्याच केली. चौथं घर तळाला गेलं आणि मी दोन मिनिटांत नाकारलेलं गल्लीतलं दुसरं घर सगळ्यांत वर आलं. त्याची किंमत थोडी जास्त होती. पण आजोबांनी मध्येच पेन्सिल थांबवली. "विकत कशाला घ्यायचं आत्ताच? एक वर्ष भाड्याने देतात का विचार. एकदा चुकलो, तेवढं पुरे."

सोमवारी बयाण्याऐवजी मी फोन केला. बेन जराही रागावल्या नाहीत. चौथ्या घराबद्दल इतकंच म्हणाल्या की आम्हा परदेशातल्या लोकांना ते नेहमीच आवडतं. दुसरं घर भाड्याने मिळेल का? मालकांना विचारून सांगते, म्हणाल्या. पण आणखी एक कुटुंब ते बघून गेलंय. मंगळवार, बुधवार. आजोबांनी आमचे दोघांचे सगळे बूट पॉलिश केले, चपलासुद्धा. गुरुवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. मालक तयार होते.

"लगेच हो म्हणू का?" आजोबांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिकडे दुपारचे तीन वाजले होते. मार्चच सुरू होता, तरी उन्हं तापली होती. मी बेनना विनंती केली, आत्ताच त्या घरी जाऊन नुसतं बसाल का? काही दाखवू नका, फक्त बसा.

"बस बैठूँ?"

"हां. बस बैठिए."

घर त्यांच्या ऑफिसपासून चार पावलांवर होतं. त्या आल्या तेव्हा कपाळाला घाम होता. मधल्या खोलीत फरशीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकली. पंखा लावलेला नव्हता. आम्ही हवापाण्याचं, त्यांच्या सुनेच्या परीक्षेचं बोलत होतो. बाहेर कडुनिंबावर कुठलासा पक्षी ओरडत होता. त्यांचं एक वाक्य अर्धंच राहिलं. फोन हळूहळू कलला आणि आम्हाला छताचा लाकडी वासा दिसायला लागला. मग अगदी बारीक घोरणं.

आजोबा तोंडावर हात ठेवून हसत होते. मी पाच मिनिटं वाट पाहिली. मग जरा मोठ्याने म्हटलं, "बेन, हमें यही घर चाहिए."

फोन सरळ झाला. पदर सावरत त्या म्हणाल्या, "अच्छा! तो दिसंबर में आओगे ना? सब दिसंबर में आते हैं."

"अप्रैल में," मी म्हटलं. "मई वहीं देखेंगे."

"मई में?" बेन मागे वळून कुणाला तरी गुजरातीत ओरडून सांगायला लागल्या की स्कॉटलंडहून दोन म्हातारी माणसं मे महिना बघायला येतायत. आणि मी तिकिटं काढायला बसले. फक्त जायची.